रेषेचे व्याकरण : हाताने रेखाटलेल्या व्हिडिओ गेमसंबंधी काही विचार

व्हिडिओ गेममधील हस्तरेखित चित्रांविषयी रसिकांत जे विलक्षण आकर्षण आढळते, त्याची कारणमीमांसा बहुधा दोन उत्तरांत उरकली जाते. पहिले उत्तर गतकाळाच्या ओढीचे, दुसरे मानवी हाताच्या स्पर्शाचे. दोन्ही उत्तरे अगदीच निराधार आहेत असे नाही. परंतु ती पुरेशी आहेत असे म्हणणे धाडसाचे ठरेल. १९३० च्या दशकातील अमेरिकन कार्टूनपट ज्याने जन्मात पाहिलेले नाहीत असा विशीतील तरुण २०१७ चा ‘कपहेड’ हा खेळ तल्लीन होऊन खेळतो, तेव्हा त्याला ओढ वाटते ती कोणत्या गतकाळाची? जे कधी आपले नव्हतेच त्याची आठवण येत नाही. हस्तस्पर्शाचे उत्तर वरवर पाहता अधिक सबळ वाटते. तथापि सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांसमोरून सरकत असता रेषेतील कंप, शाईचा कमीअधिक दाब, रंगाचा ओघळ या खुणा खेळणाऱ्याला दिसतात कितपत? त्या दिसतात स्थिर चित्रात, खेळ थांबल्यावर. शिवाय २०२२ पासून शब्दांच्या आज्ञेवर चित्रे निर्माण करणारी यंत्रणा सर्वत्र उपलब्ध झाली असून थरथरत्या रेषेचे सोंग ती क्षणार्धात वठवते. आकर्षणाचे मर्म केवळ खुणांत असते, तर या सोंगाने ते कधीच लुटून नेले असते.

तेव्हा प्रश्न निराळ्या रीतीने मांडला पाहिजे. हाताने काढलेले चित्र खेळात कोणते कार्य करते, आणि ते कार्य अन्य प्रकारच्या चित्रास सहजी का साधत नाही, हा खरा प्रश्न होय.

येथे चित्रपट आणि खेळ यांतील भेद आरंभीच ध्यानी घेणे अवश्य आहे. डिस्ने संस्थेतील ज्येष्ठ चित्रकार फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वे सांगितली. त्यांतील एकास मराठीत ‘पूर्वचेष्टा’ म्हणता येईल. उडी मारण्यापूर्वी मनुष्य गुडघ्यात वाकतो, दगड भिरकावण्यापूर्वी हात मागे नेतो, ओरडण्यापूर्वी छातीभर श्वास घेतो. या चेष्टा चित्रित केल्या नाहीत तर मूळ क्रिया प्रेक्षकाला पटत नाही. किंबहुना ती त्याच्या नजरेतून निसटतेच. चित्रपटात पूर्वचेष्टेसाठी आठ चित्रे खर्ची पडली, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा गेला, तर कोणाचेच काही बिघडत नाही. प्रेक्षक त्या विलंबाचाच आनंद घेत असतो. खेळात मात्र बटण दाबल्यावर पात्र सेकंदाचा तिसरा हिस्सा वाकण्यात घालवू लागले, तर ते पात्र बहिरे आहे असे खेळणाऱ्यास वाटते. चित्रकाराला अवधी हवा असतो. खेळणाऱ्याला तत्परता हवी असते. हस्तरेखित खेळांचा इतिहास हा मुख्यतः या कलहाच्या निरनिराळ्या मिटवणुकींचा इतिहास आहे.

पहिली मिटवणूक १९८३ ची, आणि ती सपशेल एकतर्फी होती. डिस्ने संस्था १९७९ मध्ये सोडून बाहेर पडलेले डॉन ब्लुथ यांनी रिक डायर यांच्या कल्पनेवरून ‘ड्रॅगन्स लेअर’ हा खेळ चित्रित केला. लेसरडिस्कवर साठवलेले सुमारे २२ मिनिटांचे पूर्ण कार्टूनपटाच्या दर्जाचे अ‍ॅनिमेशन नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रात अवतरले. त्या काळी शेजारच्या यंत्रांवर चौकोनी ठिपक्यांच्या आकृत्या सरकत होत्या, हे लक्षात घेता प्रेक्षकांची गर्दी समजण्यासारखी आहे. परंतु ती गर्दी प्रेक्षकांची होती, हेच त्यातील वैगुण्य. डर्क नामक वीराच्या प्रत्येक हालचालीचे चित्र अगोदरच ठरलेले. खेळणाऱ्याने योग्य क्षणी दांडी योग्य दिशेस ढकलली तर पुढचा तुकडा चालू व्हावयाचा, न ढकलली तर मृत्यूचा. दोन तुकड्यांमध्ये डिस्क शोधाशोध करी, तेव्हा पडदा क्षणभर काळा होई. त्या काळ्या क्षणात या मिटवणुकीचे सारे रहस्य उघडे पडते. चित्र आपल्या गतीने चालले आहे, माणसाचा हात आपल्या, आणि दोघांचे बोलणे होत नाही. रेखाटन उत्तम असूनही ‘ड्रॅगन्स लेअर’ हे ऐकणाऱ्याला मधूनमधून हुंकार भरू देणारे भाषण आहे, संभाषण नव्हे.

दुसरी मिटवणूक अधिक मोलाची आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी थोडे मागे जावे लागते. न्यूयॉर्कच्या मॅक्स फ्लायशर यांनी १९१७ मध्ये ‘रोटोस्कोप’ या उपकरणाचे एकस्व मिळवले. जिवंत माणसाच्या हालचालीचे चित्रीकरण करावयाचे, त्यातील एकेक चौकट काचेवर प्रक्षेपित करावयाची आणि तिच्यावरून रेषा गिरवावयाची, अशी ही पद्धत. मॅक्स यांनी आपले बंधू डेव्ह यांना विदूषकाचा पोषाख घालून कॅमेऱ्यापुढे नाचवले आणि त्यांच्या हालचाली गिरवून ‘कोको’ हा कार्टून-विदूषक जन्मास घातला. सुमारे सत्तर वर्षांनी, १९८५ मध्ये, जॉर्डन मेक्नर या तरुणाने आपला धाकटा भाऊ डेव्हिड यास पांढरे कपडे घालून धावावयास, उड्या मारावयास आणि लोंबकळावयास लावले, त्याचे व्हिडिओ चित्रीकरण केले, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून त्याची छायाचित्रे घेतली, ती आकृती काळ्या शाईने आणि पांढऱ्या रंगाने स्पष्ट केली आणि मग यंत्रात उतरवली. १९८९ मध्ये अ‍ॅपल-२ या संगणकासाठी प्रसिद्ध झालेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ तो हाच. दोन्ही प्रसंगी भावाने भावाला गिरवले हा योगायोग. परंतु अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात घरच्या माणसाचे शरीर सर्वांत स्वस्त असते, हेही त्यामागचे एक कारण असावे.

या खेळातील राजपुत्र बोटाच्या पेराएवढा आहे. त्याला चेहरा जवळजवळ नाहीच. तरीही १९८९ मध्ये तो जितका जिवंत वाटला तितके क्वचितच दुसरे काही वाटले असेल. याचे कारण रोटोस्कोपची अचूकता हे अर्धेच. उरलेले अर्धे असे की मेक्नर यांनी पूर्वचेष्टा कापून टाकल्या नाहीत. राजपुत्र धावता धावता थांबावयाचा तर घसरतो. वळावयाचा तर पाऊल रोवतो. उडीपूर्वी अंग गोळा करतो. या साऱ्याला वेळ लागतो, आणि तो वेळ खेळणाऱ्याने गृहीत धरावा अशी अपेक्षा असते. दरीच्या काठाशी येऊन बटण दाबले तर उशीर झालेला असतो. ते एक पाऊल आधी दाबावे लागते. म्हणजे येथे विलंब हा दोष न राहता अर्थ बनतो: हा देह आहे, त्याला वजन आहे, त्याच्याकडून काम करून घ्यावयाचे तर त्याच्या कलाने घेतले पाहिजे. राजपुत्राला दिलेला अवधी एका तासाचा आहे, आणि त्या तासातील कितीतरी क्षण केवळ त्याच्या देहाच्या जडत्वावर खर्च होतात. खेळणाऱ्याला त्याची चीड येते, आणि त्या चिडीतूनच जवळीक उत्पन्न होते.

याच खेळातील ‘छायापुरुष’ हा तर तंत्राच्या दारिद्र्यातून उपजलेल्या कल्पनेचा अप्रतिम नमुना. संगणकाच्या स्मृतीत आणखी एका पात्राच्या चित्रांना जागा उरलेली नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रे एका बिंदूने सरकवून त्यांची मूळ चित्रांशी अशी गणिती जुळवणी करण्यात आली की तीच आकृती विरळ, चकाकत्या छायेसारखी दिसावी. आरशातून बाहेर पडलेला हा प्रतिस्पर्धी म्हणजे राजपुत्र स्वतःच. त्याला मारले तर आपणही मरतो. कथेतील हे गूढ चित्रांच्या काटकसरीतून आले आहे.

तिसरी मिटवणूक कॅनडातील चॅड आणि जॅरेड मोल्डेनहॉवर या बंधूंची. (येथेही भाऊच, आणि त्यांच्या खेळाचे नायक कपहेड आणि मगमन हेही भाऊ!) नोकऱ्या सोडून आणि घरे गहाण टाकून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कपहेड’ हा खेळ तयार केला, तो २९ सप्टेंबर २०१७ रोजी प्रसिद्ध झाला. त्यासाठी पात्रांच्या हालचाली पेन्सिलीने कागदावर रेखाटण्यात आल्या, त्यांच्यावर शाई फिरवण्यात आली, पार्श्वभूमी जलरंगांत रंगवण्यात आली. केवळ पात्रांचे रंग संगणकावर भरले गेले. आदर्श होता तो मुख्यत्वे फ्लायशर बंधूंच्या १९३० च्या दशकातील कार्टूनपटांचा. खेळाच्या भूमीचे ‘इंकवेल’ हे नावही फ्लायशरांच्या ‘आउट ऑफ द इंकवेल’ या मूकपटमालेची आठवण देणारे आहे.

या खेळात दोन घड्याळे चालतात. चित्रे सेकंदाला २४ या वेगाने बदलतात. कारण चित्रपटाचा वेग तोच. खेळाचे अंतर्गत गणित मात्र, म्हणजे कोण कोठे आहे, कोणाला काय लागले याचा हिशेब, सेकंदाला ६० वेळा होतो. हात चोवीसच्या तालात, बोट साठच्या. वर सांगितलेला कलह येथे मिटवलेला नाही. तो दोन पक्षांत वाटून दिलेला आहे. नायकाच्या क्रियांत पूर्वचेष्टा जवळजवळ नाहीत. बटण दाबताच बोटातून गोळी सुटते, पाय जमिनीवरून उचलले जातात. याउलट प्रतिपक्षाच्या अजस्र पात्रांत पूर्वचेष्टांची नुसती रेलचेल आहे. कॅग्नी कार्नेशन हे फूल झेपावण्यापूर्वी मागे सरकते, तोंड वेंगाडते, आणि मग रबरासारखे लांबून पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या पट्ट्यातून आरपार जाते. गूपी नावाचा निळा गोळा ठोसा मारण्यापूर्वी सारे अंग एका बाजूस दाबून घेतो.

भाषेच्या अभ्यासकाला येथे मराठी क्रियापदाच्या ‘-णार’ या रूपाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ‘तो मारतो’, ‘तो मारतो आहे’, ‘त्याने मारले’ या तिहींहून ‘तो मारणार’ याची जात निराळी. त्यात क्रिया घडलेली नसते, परंतु कर्त्याच्या अंगात ती शिरलेली असते. कपहेडमधील शत्रू ‘-णार’ मध्ये बोलतात आणि नायक भूतकाळात उत्तर देतो: हुकूम सुटताच त्याची क्रिया झालेली असते. शत्रूचे ‘मारणार’ वाचून ते ‘मारले’ होण्यापूर्वी आपले ‘सरकलो’ पुरे करणे, हा सगळा खेळ होय. जो वाचू शकत नाही तो मरतो, पुन्हा आरंभ करतो, आणि दहाव्या-बाराव्या वेळी त्याच्या ध्यानात येते की अडाणीपणा बोटांचा नव्हता, डोळ्यांचा होता.

आता हाताने काढलेल्या चित्राचे विशेष कार्य काय, याचे उत्तर देता येते. ‘-णार’ हे रूप दूरवरून, गडबडीत, अर्ध्या सेकंदात वाचता यावे यासाठी देहाची विकृती करावी लागते. मान दुप्पट लांब, जबडा चौपट मोठा, डोळे डोक्याबाहेर. ही अतिशयोक्ती एका चित्रापुरती असते. पुढच्या चित्रात ती नाहीशी होते. पेन्सिलीला याची कसलीच अडचण नाही, कारण तिच्यापुढे प्रत्येक चित्र नवे असते आणि पात्राच्या देहाला कागदाबाहेर अस्तित्वच नसते. संगणकात एकदा घडवून ठेवलेल्या त्रिमित पुतळ्याला मात्र स्वतःची हाडे असतात. तो मोडावयास आढेवेढे घेतो.

कपहेडमध्ये आणखी एक चिन्हव्यवस्था आहे आणि तिची तुलना उद्बोधक ठरेल. गुलाबी रंगाची कोणतीही वस्तू उडी मारून थोपवता येते. मग तो कांद्याचा अश्रू असो की बटाट्याने थुंकलेला किडा. गुलाबी आणि ‘थोपवता येणे’ यांचा परस्परांशी काहीही स्वाभाविक संबंध नाही. सोस्यूर यांनी भाषिक चिन्हाविषयी जे सांगितले ते येथे तंतोतंत लागू पडते: हे चिन्ह यादृच्छिक आहे, संकेताने शिकावयाचे आहे. उलट मागे ओढलेली मान हे चिन्ह शिकावे लागत नाही. आपल्या ‘कडाड’, ‘झुळझुळ’, ‘थुलथुलीत’ या शब्दांप्रमाणे त्यात अर्थाची छाया आधीच पडलेली असते. परंतु हे शब्दसुद्धा प्रत्येक भाषेचे निराळे असतात, त्यांना त्या भाषेचे वळण असते. त्याचप्रमाणे झेपेची पूर्वचेष्टा फ्लायशरांच्या वळणाने वेगळी आणि जपानी वळणाने वेगळी काढली जाते. खेळाचा अर्धा आनंद ती विशिष्ट बोली हळूहळू कानी, किंवा डोळी, बसण्यात आहे. नॉस्टॅल्जिया म्हणून ज्याची बोळवण केली जाते, ते बऱ्याच अंशी या बोलीशी जडलेले सख्य असते.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात रसिकांची प्रतवारी आहे. आचार्य रेषेची प्रशंसा करतात, जाणते छायाप्रकाशाची, स्त्रिया अलंकरणाची, इतर जन रंगांच्या श्रीमंतीची. स्त्रियांसंबंधीचा शेरा सोडून द्यावा. पण रेषेला दिलेला अग्रमान खेळांच्या बाबतीतही कसोटीस उतरतो. बार्सिलोना येथील संस्थेचा २०१८ चा ‘ग्रीस’ हा खेळ पाहावा. कोनराड रोसेट यांच्या जलरंगी शैलीत तो नखशिखान्त नटलेला आहे, आणि त्याचे कौतुकही भरपूर झाले. परंतु त्यात रंग पाहावयाचे असतात, रेषा वाचावी लागत नाही. तो सुंदर आहे एवढेच म्हणता येते, आणि तेवढ्यावर थांबता येते.

वरील प्रतिपादनाची खरी परीक्षा एका जपानी खेळाने घेतली आहे. आर्क सिस्टिम वर्क्स या संस्थेचा ‘गिल्टी गिअर एक्सआरडी’ २०१४ मध्ये जपानमधील खेळघरांत आला. तो पाहून हे हस्तरेखित अ‍ॅनिमेशन आहे अशी प्रथमदर्शनी कोणाचीही समजूत व्हावी. वस्तुतः त्यातील प्रत्येक पात्र त्रिमित पुतळा आहे. निर्मात्यांनी २०१५ मध्ये आपली रीत जाहीरपणे सांगितली. संगणक दोन अवस्थांच्या मधल्या अवस्था आपोआप भरून काढतो आणि हालचाल लोण्यासारखी मऊ होते. त्यांनी ती सोय बंद केली. कलाकाराने हाताने ठरवलेली एकेक अवस्था तशीच खिळवून ठेवावयाची आणि मग एकदम पुढच्या अवस्थेवर उडी घ्यावयाची. प्रत्येक अवस्थेत अवयव गरजेप्रमाणे लांबवावयाचे, फुगवावयाचे. सावल्यासुद्धा प्रकाशाच्या गणितावर न सोडता चित्रकाराच्या मर्जीने पाडावयाच्या. येथे कागद नाही, शाई नाही, थरथरती रेषा नाही. तरीही हस्तरेखित चित्राचे आकर्षण जसेच्या तसे आहे. याचा अर्थ उघड आहे. पुतळ्याची हाडे मोडण्याचे काम येथे एकेका अवस्थेपाशी बसून माणसाने केले. आकर्षण हाताच्या खुणांचे नव्हते. ते प्रत्येक अवस्थेमागील निवडीचे होते. मऊ हालचालीत सर्व क्षण सारख्याच महत्त्वाचे असतात, म्हणजे कोणताच महत्त्वाचा नसतो. वाक्यात जसा आघात, तशी ही खिळलेली अवस्था. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात (१९५५) संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे मांडली, ती पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या रसिकाला समोर ठेवून. खेळात या लयीचा एक पाय चित्रात आणि दुसरा रसिकाच्या बोटांत असतो, एवढी पुस्ती त्यांच्या विवेचनास जोडावी लागेल.

ही पुस्ती शब्दशः अमलात आणणारा खेळ म्हणजे २००६ चा ‘ओकामी’. हिदेकी कामिया यांनी दिग्दर्शित केलेल्या या खेळाचे मूळ रूप वास्तववादी होते. प्लेस्टेशन-२ या यंत्राला ते झेपेना, तेव्हा जपानी शाईचित्रांची शैली स्वीकारण्यात आली. अडचणीतून सुचलेल्या या शैलीने पुढे खेळाचा आशयच बदलला. श्वेत लांडग्याच्या रूपातील सूर्यदेवता अमातेरासू हिच्या हाती दिव्य कुंचला आहे. खेळणारा एक कळ दाबतो, काळ थांबतो, जग एकाएकी कागद होते. त्यावर वर्तुळ काढले की सूर्य उगवतो, आडवा फटकारा मारला की शत्रू दुभंगतो. वर्तुळ ओबडधोबड असले तरी चालते, फार वाकडे गेले तर मात्र सूर्य उगवत नाही. वाचणारा येथे लिहू लागतो. अक्षर गिरवताना लहान मुलाला जो ताण आणि जो आनंद असतो, त्याची आठवण प्रौढ माणसाला इतक्या नेमकेपणाने करून देणारा दुसरा खेळ सापडणे कठीण.

येथवर रेषेला व्याकरण मानून विवेचन केले. या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. व्याकरण निर्दोष असते; शब्द तसे नसतात, त्यांच्या अंगाला इतिहास चिकटलेला असतो. १९३० च्या दशकातील अमेरिकन कार्टूनचे पांढरे हातमोजे, विस्फारलेले डोळे, रबरी अवयव यांचे नाते गोऱ्या नटांनी तोंडास काजळी फासून सादर केलेल्या कृष्णवर्णीयांच्या विडंबन-नाट्यांशी आहे, हे निकोलस सॅमंड यांनी २०१५ च्या आपल्या ग्रंथात साधार दाखवले आहे. कपहेड प्रसिद्ध झाला त्याच वर्षी काही समीक्षकांनी हा आक्षेप त्याच्यावर घेतला. आम्ही घेतली ती केवळ चित्रशैली, त्या काळची वृत्ती नव्हे, ही निर्मात्यांची बाजू. ती खोटी म्हणवत नाही: त्या काळच्या कार्टूनपटांतील उघड वंशद्वेषी चित्रे त्यांनी घेतलेली नाहीत. परंतु वगळणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. गाळलेल्या शब्दाची जागा वाक्यात रिकामी दिसते, आणि ती ज्यांना दिसते ते बहुधा तेच, ज्यांच्याविषयी तो शब्द होता.

किंग डाइस या पात्रापाशी हा प्रश्न टोकदार होतो. फाशाचे डोके, बारीक मिशी, जुगारघराचा व्यवस्थापक आणि अंगात नाचाची ढब. अनेकांना त्यात कॅब कॅलोवे या कृष्णवर्णीय गायक-नर्तकाची छाया दिसली, आणि ती दिसावयास सबळ कारण आहे. फ्लायशर बंधूंनी १९३२-३३ च्या तीन कार्टूनपटांत कॅलोवे यांचे नृत्य रोटोस्कोपने गिरवून भुताखेतांच्या अंगी घातले होते. त्यांतील ‘मिनी द मूचर’ या पहिल्या पटाच्या प्रारंभी स्वतः कॅलोवे आपल्या वाद्यवृंदापुढे सदेह नाचताना दिसतात. नंतर गुहेत तीच पावले एक वॉलरसच्या रूपातील भूत टाकते. १९३२ च्या प्रेक्षकाला ही चाल कोणाची हे आधी दाखवले जात होते. २०१७ च्या खेळात किंग डाइस थेट पडदा सारून पुढे येतो.